खोल पाण्यातल्या माशांचा माग

जुलै महिन्यातील पहाट. शिकागोच्या एका बंदरातून लहानशी मोटारबोट बाहेर पडते. बोटीत गळाच्या चार काठ्या आहेत, रंगीबेरंगी आमिषांची पेटी आहे, थर्मासमध्ये चहा आहे आणि मासेमारीचा परवानाही खिशात आहे. तासाभराने किनाऱ्यावरच्या गगनचुंबी इमारती बोटभर उंचीच्या दिसू लागतात. बोटीखाली तीस मीटर, म्हणजे कोकणातील दर्यावर्द्यांच्या हिशेबाने सोळा-सतरा वाव पाणी असते. चारही दिशांना दिसते ते एकसारखे निळे पाणी. ना खडक, ना झाडी, ना वळण. हौशी मासेमाराला पहिल्यांदाच प्रश्न पडतो, की आता गळ टाकायचा तरी कुठे?

नदीकाठी किंवा खाडीच्या तोंडाशी गळ टाकणाऱ्याला हा प्रश्न फारसा पडत नाही. तेथे माशाचा पत्ता डोळ्यांना दिसतो. दगडाच्या आडोशाला, डोहाच्या कडेला, भरतीचे पाणी आत शिरते तेथे मासा असणार हे गावातले पोरही सांगते. मिशिगन सरोवर मात्र सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढे. लांबी ४९४ किलोमीटर, सरासरी खोली ८५ मीटर आणि सर्वांत खोल जागी २८१ मीटर. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ पासूनचे आहे. या शहराच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे सरोवर घरचे झाले असले, तरी त्याच्या काठावर फिरणे वेगळे आणि त्याच्या पोटात काय चालले आहे हे ओळखणे वेगळे.

नवखा माणूस साधारणपणे दोनपैकी एक चूक करतो. एक तर ‘मोठा मासा तळाशी’ या समजुतीने आमिष थेट तळाला सोडतो, नाही तर पृष्ठभागाखाली दोन-तीन मीटरवर ते ओढत दिवसभर फिरतो. दोन्ही वेळा आमिष आणि मासा यांच्यात वीस-वीस मीटरचे अंतर राहते. खोल सरोवरात ‘कुठे’ हा प्रश्न दुसरा असतो. पहिला प्रश्न ‘किती खोल’ हा आहे आणि त्याचे उत्तर नकाशात मिळत नाही, तापमापकात मिळते.

पाण्याची उतरंड

पाण्याचा एक विलक्षण गुणधर्म शाळेत शिकवला जातो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. पाणी सर्वांत जड असते ते गोठणबिंदूला नव्हे, तर चार अंश सेल्सिअसला. त्याहून उबदार पाणी हलके, म्हणून ते वर तरंगते. उन्हाळ्यात सूर्य वरचे पाणी तापवतो, वारा ते ढवळतो आणि काही मीटर जाडीचा वीस-बावीस अंशांचा थर तयार होतो. अगदी खाली चार ते सहा अंशांचे थंडगार पाणी तसेच पडून असते. या दोहोंच्या मधला पट्टा मोठा नाट्यमय. तेथे थोडक्याच मीटरांत तापमान झपाट्याने उतरते. घरातल्या उतरंडीत एका मडक्यावर दुसरे मडके असावे, तसे हे तीन थर एकावर एक बसलेले असतात आणि भर उन्हाळ्यात सहसा एकमेकांत मिसळत नाहीत. मधल्या पट्ट्याला ‘थर्मोक्लाइन’ हे नाव दिले ते एडवर्ड बर्ज या शास्त्रज्ञाने, १८९७ मध्ये. शिकागोपासून मोटारीने काही तासांच्या अंतरावर असलेल्या मॅडिसन येथील मेंडोटा सरोवराचा तो अभ्यास करीत होता.

मासा हा शीतरक्ताचा प्राणी. आपल्या शरीराचे तापमान त्याला स्वतः राखता येत नाही. पाणी जेवढे, तेवढाच तो. त्यामुळे सोयीचे तापमान शोधत फिरणे हाच त्याचा मार्ग. चिनूक सामनला साधारण दहा ते तेरा अंशांचे पाणी मानवते. कोहो सामनची आवडही जवळपास तीच. लेक ट्राउट त्याहून थंड, सात ते दहा अंशांत रमतो. स्टीलहेडला थोडी ऊब चालते, म्हणून तो बरेचदा इतरांच्या वर सापडतो. एकाच जागी, एकाच वेळी, बोटीच्या खाली हे मासे वेगवेगळ्या मजल्यांवर राहत असतात असे म्हटले तरी चालेल.

याचा व्यवहारातील अर्थ सोपा आहे. बोट थांबवून तापमान मोजणारे उपकरण दोरीने सोडावे, दर तीन-चार मीटरवर आकडा वहीत टिपावा आणि बारा अंश कोठे लागतात ते पाहावे. समजा अठरा मीटरवर लागले, तर चिनूकचा शोध पंधरा ते एकवीस मीटरच्या पट्ट्यात सुरू करायचा. तीस मीटर पाण्यातील चोवीस मीटर अशा रीतीने पंधरा मिनिटांत बाद होतात. शोधाचे अर्धे काम येथेच संपते, तरीही पुष्कळ नवखे हीच पंधरा मिनिटे वाचवायला जातात आणि सकाळ गमावतात.

मात्र तापमानाचा हा नियम जसाच्या तसा प्रत्येक तळ्याला लावता येत नाही. पाण्यात विरघळलेला प्राणवायू हा दुसरा घटक आहे. मिशिगन सरोवराचे खोल पाणी थंड, स्वच्छ आणि पोषकद्रव्यांनी दुबळे; म्हणून खाली प्राणवायू वर्षभर टिकतो आणि मासा साठ मीटरवरही सुखाने राहतो. बर्जच्या मेंडोटाची गोष्ट उलटी. ते सरोवर जेमतेम पंचवीस मीटर खोल, त्यात शेतीतून येणाऱ्या खतांमुळे शेवाळ फार. ते शेवाळ मरून तळाशी जाते, कुजताना तेथला प्राणवायू संपवते आणि उन्हाळ्यात खालचा थर माशांसाठी जणू बंद होतो. तेथल्या सिस्को या थंड पाण्यातल्या माशाची तर कोंडीच होते. वर पाणी असह्य उबदार, खाली श्वास घेता येत नाही. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात तो कसाबसा तग धरतो आणि कडक उन्हाळ्यात मरतोही. अशा तळ्यात थर्मोक्लाइनच्या खाली गळ सोडणे म्हणजे रिकाम्या घराचे दार ठोठावणे. त्यामुळे नव्या सरोवरावर जाताना ते किती खोल आहे याबरोबरच त्याचे पाणी हिरवट आहे की निळे, हेही विचारावे.

वारा आणि थंड पाणी

काल सापडलेला मासा आज त्याच ठिकाणी का नसतो, या तक्रारीचे उत्तर बहुधा वाऱ्यात असते. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले पाणी सरळ पुढे न जाता वाऱ्याच्या उजवीकडे सरकते. दोन दिवस दक्षिणेचा वारा वाहिला, की मिशिगन सरोवराचे वरचे उबदार पाणी पूर्वेला लोटले जाते आणि पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे मिलवॉकीच्या बाजूला, त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते. किनाऱ्यावर पोहणाऱ्यांना एका दिवसात हुडहुडी भरते, कारण तापमान दहा अंशांपर्यंतही उतरू शकते. त्यांच्या दृष्टीने ही आपत्ती. लहान बोटीच्या दृष्टीने मात्र पर्वणी. एरवी दूर खोलवर असलेले सामन त्या थंड पाण्याबरोबर किनाऱ्यापासून अगदी थोड्या अंतरावर येतात. उत्तरेचा वारा असेल तर हाच खेळ पलीकडच्या, मिशिगन राज्याच्या किनाऱ्यावर रंगतो. म्हणूनच तेथले जाणते मासेमार आजच्या हवामानाइतकाच मागच्या तीन दिवसांचा वारा विचारात घेतात.

मासा ज्याच्यामागे धावतो

सोयीच्या तापमानाचा पट्टा सरोवरभर पसरलेला असतो. त्यातील नेमकी जागा ठरवते ते अन्न. येथे सरोवराचा इतिहास थोडा समजून घ्यावा लागतो, कारण आज बोटीखाली पोहणारे बरेच मासे मूळचे तेथले नाहीतच. लेक ट्राउट हा या पाण्याचा खरा धनी. समुद्रातून कालव्यांच्या वाटेने वर शिरलेला, माशांना चिकटून त्यांचे रक्त शोषणारा लॅम्प्रे १९३६ मध्ये मिशिगन सरोवरात आढळला आणि त्याच्या जोडीला बेसुमार मासेमारी, यामुळे १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत येथला लेक ट्राउट नाहीसा झाला. शिकारी गेल्यावर शिकारीचे फावले. १९४९ मध्ये येथे पोहोचलेला एलवाइफ हा समुद्री वळणाचा लहान चंदेरी मासा इतका वाढला, की १९६७च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे थर हटवण्यासाठी किनाऱ्यावर बुलडोझर आणावे लागले.

त्यावरचा उपाय आधीच पाण्यात उतरला होता. मिशिगन राज्याचे मत्स्यविभागप्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरून आणलेल्या कोहो सामनची पिले १९६६ मध्ये प्लॅट नदीत व बेअर क्रीकमध्ये सोडली. पुढल्या वर्षी चिनूक आले. एलवाइफवर पोसलेले हे मासे बघता बघता मोठे झाले आणि ज्या सरोवराकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते तेथे हौशी मासेमारांची रीघ लागली.

तेव्हापासून चिनूक शोधणे म्हणजे एलवाइफचा थवा शोधणे, हे समीकरण झाले. मात्र हे समीकरण नाजूक आहे. पूर्व युरोपातून जहाजांच्या पोटातील पाण्याबरोबर आलेले क्वागा शिंपले १९९७ मध्ये येथे आढळले आणि त्यांनी सरोवराचा तळ झाकून टाकला. ते पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पती खातात. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, पण लहान माशांच्या तोंडचा घास जातो. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३-०४च्या सुमारास एलवाइफ जवळपास संपले आणि पाठोपाठ चिनूकही कोसळले. तो धडा घेऊन मिशिगन सरोवरात २०१३ पासून चिनूकची पिले सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले. स्वच्छ पाण्याचा मासेमारावर थेट परिणाम असा, की प्रकाश पूर्वीपेक्षा खोल जातो आणि उन्ह चढल्यावर मासेही खाली सरकतात. पहाटेचे दोन तास आजही सोन्याचे मानले जातात ते याचमुळे. लेक ट्राउट पुन्हा सोडला गेला असून तो आता तळाजवळच्या गोबी या लहान माशावरही ताव मारतो. म्हणून त्याच्यासाठी आमिष तळापासून मीटरभरावर ठेवणे चुकीचे नाही. ‘मोठा मासा तळाशी’ ही समजूत खरी ठरते ती एवढ्यापुरतीच.

पडद्यावरची कमान

आता यंत्राकडे. हल्ली जवळजवळ प्रत्येक बोटीवर फिश फाइंडर असतो. त्यामागचे तंत्र सोनारचे. आपल्याकडच्या सोनाराशी त्याचा संबंध नाही, परंतु पारख मात्र दोन्हीकडे लागते. बोटीखालून ध्वनीचा एक ठोका पाण्यात जातो, कशावर तरी आपटतो आणि परततो. जाऊन-येऊन लागलेल्या वेळावरून यंत्र खोली सांगते. तीस मीटरवरच्या माशाकडून प्रतिध्वनी यायला सेकंदाचा पंचविसावा भाग पुरतो. ध्वनी परततो तो मुख्यतः माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून. आपल्याकडे घोळ माशाचा ‘बोत’ म्हणून जी पिशवी सोन्याच्या भावाने विकली जाते, तीच ही.

या पडद्याबाबत नवख्यांचे तीन गैरसमज होतात. पहिला असा, की पडदा म्हणजे पाण्याचे छायाचित्र. वास्तविक फक्त उजव्या कडेची रेघ ‘आत्ता’ची असते; बाकी सारा पडदा बोटीने मागे टाकलेला भूतकाळ. डावीकडे दिसणारा मासा पन्नास मीटर मागे राहिलेला असू शकतो. दुसरा गैरसमज, की दिसलेला मासा नेमका बोटीखाली आहे. ध्वनी शंकूच्या आकारात पसरतो. वीस अंशांचा शंकू दहा मीटर खोलीवर साडेतीन मीटर रुंद असतो, तीस मीटरवर साडेदहा आणि साठ मीटरवर एकवीस मीटर. खोली वाढेल तशी दिशेची खात्री कमी होत जाते. तिसरा गैरसमज कमानीच्या आकाराचा. मासा शंकूच्या कडेतून आत येतो तेव्हा दूर असतो, मध्यावर जवळ, बाहेर पडताना पुन्हा दूर. म्हणून पडद्यावर कमान उमटते. लांब कमान म्हणजे मोठा मासा नव्हे. तो शंकूत जास्त वेळ राहिला एवढेच. माशाच्या आकाराचा अंदाज रेघेच्या जाडीवरून आणि गडदपणावरून करावा लागतो, तोही सावधपणे.

ही यंत्रे एक उपकार मात्र न सांगता करतात. संवेदनक्षमता थोडी वाढवली, की मधल्या खोलीवर धूसर आडवा पट्टा दिसू लागतो. तो बहुधा थर्मोक्लाइनच. तेथे साचलेल्या सूक्ष्म जीवांवरून ध्वनी परततो. त्या पट्ट्याच्या आसपास ढगासारखा पुंजका दिसला तर तो एलवाइफचा थवा आणि पुंजक्याखाली किंवा कडेला एकट्या-दुकट्या जाड कमानी दिसल्या तर ते त्यांचे भक्षक. तापमापक, थवा आणि कमान या तिघांचे एकमत झाले, की मग जागा सोडायची नाही.

पण मासा दिसणे वेगळे आणि आमिष त्याच्यापर्यंत नेणे वेगळे. चालत्या बोटीतून सोडलेला तंगूस पाण्याच्या रेट्याने वर उचलला जातो. यावर उपाय म्हणून डाउनरिगर वापरतात. चार-पाच किलोचा शिशाचा गोळा तारेने खाली सोडायचा आणि त्याला चिमट्याने तंगूस अडकवायचा. मासा लागला की चिमटा सुटतो आणि पुढची झटापट थेट काठीशी. तारेवरचा मोजणीचा आकडाही आंधळेपणाने मानू नये. तीस मीटर तार सोडली आणि ती तीस अंशांनी मागे कलली, तर गोळा प्रत्यक्षात सव्वीस मीटरवरच असतो. बोटीचा वेग साधारण ताशी साडेतीन ते पाच किलोमीटर ठेवतात. मात्र खालच्या थरातला प्रवाह वरच्यापेक्षा वेगळ्या दिशेने वाहत असेल, तर एका दिशेने जाताना आमिष नाचते आणि परत फिरल्यावर लोळागोळा होते. एकाच दिशेने जातानाच मासे लागतात हे लक्षात आले, तर नशिबाला बोल न लावता परतीच्या फेरीत वेग बदलून पाहावा. आमिष माशांच्या खाली नव्हे, किंचित वर असावे, कारण खालून वर पाहणाऱ्याला उजळ पाण्याच्या पार्श्वभूमीवर ते स्पष्ट दिसते. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो. वीस मीटरवर उरतो तो निळा-हिरवा उजेड. पेटीतले लालभडक आमिष खाली काळपट दिसते. त्याचा भपका दुकानातल्या गिऱ्हाइकासाठी असतो, माशासाठी नाही.

हे सारे उन्हाळ्याचे. वसंतात, मार्च-एप्रिलमध्ये, सरोवराचे दक्षिण टोक आधी तापते आणि कोहो शिकागो-इंडियानाच्या किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात येतात. नवशिक्याने सुरुवात तेथूनच करावी हे बरे. ऑगस्टअखेरीपासून प्रौढ सामन नद्यांच्या मुखांपाशी जमू लागतात. जन्माच्या पाण्याचा वास ते ओळखतात, हे मॅडिसनच्या आर्थर हॅस्लर यांनी दाखवले. १९७०च्या दशकात त्यांच्या गटाने कोहोच्या पिलांना मॉर्फोलीन या रसायनाची सवय लावली आणि पुढे ज्या प्रवाहात ते मिसळले तिकडे मोठे झालेले मासे वळले. शरद ऋतूत तापमापकापेक्षा नदीचे मुख अधिक कामाचे ठरते ते असे.

सापडलेल्या माशाचे काय करायचे, हाही खोल पाण्याचा वेगळा प्रश्न आहे. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. सामन आणि ट्राउट यांची हवेची पिशवी घशाशी जोडलेली असल्याने वर येताना ते हवा सोडू शकतात. पर्चला ती सोय नाही. वीस मीटरवरून ओढलेल्या पर्चची पिशवी फुगते, पोट तोंडात येते आणि परत सोडला तरी तो पृष्ठभागावर उलटा तरंगत राहतो. तेव्हा खोलवरचे पर्च ‘पकडून सोडून देऊ’ म्हणणे ही फसवी भूतदया. हवे तेवढे झाले की थांबणे हाच मार्ग. कालवणाचा बेत असणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. पीसीबी या जुन्या औद्योगिक रसायनांचे अंश मोठ्या, चरबीयुक्त माशांत साठतात आणि कोणता मासा महिन्यात किती वेळा खावा याच्या सूचना सरोवराभोवतीची राज्ये प्रसिद्ध करतात. परवान्याचे नियमही राज्यागणिक वेगळे आहेत. इलिनॉय व विस्कॉन्सिनमध्ये सामनसाठी जादा शुल्काचा शिक्का लागतो.

शेवटी बोट. कोहोच्या पहिल्याच हंगामात, २३ सप्टेंबर १९६७ रोजी, प्लॅट उपसागराच्या परिसरात शेकडो लहान बोटी जमल्या होत्या. त्यात नदी-तळ्यांसाठी बनवलेल्या उघड्या होड्याही होत्या. लहान बोटींसाठी वादळाचा इशारा दिला गेला होता, पण मासे लागत होते आणि इशाऱ्याकडे बहुतेकांनी दुर्लक्ष केले. वारा उठला, लाटा उसळल्या, बोटी उलटल्या आणि किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. त्या दिवशी सात जणांचा बळी गेला.

मिशिगन सरोवराच्या लाटा समुद्राच्या लाटांसारख्या लांबट नसतात. त्या आखूड, उभ्या आणि एकामागून एक येतात, म्हणून लहान बोटीला सावरायला उसंत मिळत नाही. शिवाय ज्या थंड पाण्याने मासा किनाऱ्याजवळ आणला, तेच पाणी बुडणाऱ्याला काही मिनिटांत हातपाय हलवेनासे करते. जुलैमध्येही दक्षिणेच्या वाऱ्यानंतर पाणी दहा अंशांवर असू शकते. लाइफ जॅकेट आसनाखाली नव्हे, अंगावर असावे लागते ते यासाठी. सरोवराच्या मध्यभागी तरंगणाऱ्या सरकारी बोयांवरून वारा, लाटांची उंची आणि पाण्याचे तापमान दिवसभर मिळत राहते. घरातून निघण्यापूर्वी ते आकडे पाहिले, तर आमिष किती खोल सोडायचे आणि मुळात बंदराबाहेर पडायचे की नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी मिळतात. हिवाळ्याच्या तोंडावर बर्फाच्या भीतीने या बोया पाण्यातून काढून घेतात आणि वसंतात पुन्हा सोडतात. तोवर लहान बोटीही किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या असतात.